कॅमेऱ्यापुढील रंगीत कांच

जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत टांगलेलीं कुटुंबाचीं छायाचित्रें ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलीं असतील, त्यांना एक गोष्ट खटकल्यावांचून राहिली नसेल. सुवासिनींच्या कपाळावरील लाल कुंकू त्यांत काळें दिसतें. पिवळें वस्त्र मळकट दिसतें, आणि निळें लुगडें मात्र धुवून पांढरें केल्यासारखें. चित्र देवळासमोर घेतलेलें असेल तर शिखरामागील आकाश कोऱ्या कागदासारखें. छायाचित्र म्हणजे सृष्टीची हुबेहूब नक्कल, ही समजूत आपल्यांत इतकी मुरलेली आहे कीं, ह्या विपरीतपणाचा दोष आपण काळाला देतों व चित्र विटलें असें म्हणतों. वस्तुतः काळ येथें बहुतांशीं निर्दोष आहे. तें चित्र घेतलें त्याच दिवशीं कुंकू काळें झालें होतें.

ह्याचें कारण रुप्याच्या क्षारांत आहे. ज्या क्षारांचा लेप देऊन छायाचित्राची कांच तयार होत असे, त्यांना स्वभावतः निळा व जांभळा प्रकाश आणि त्यापलीकडील, डोळ्यांना न दिसणारा नीलातीत प्रकाश, एवढाच कळतो. लाल, पिवळ्या व हिरव्या रंगांना ते जवळजवळ आंधळे. आपल्या डोळ्यांचा कल नेमका उलट. त्यांना पिवळसर हिरवा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो. तेव्हां एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रकार आपण पाहतों त्याहून निराळ्याच जगाचें चित्र घेत होता. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे ह्यानें 1856-57 च्या सुमारास समुद्राचीं जीं गाजलेलीं चित्रें केलीं, त्यांपैकीं कांहींत त्यानें समुद्र एका काचेवर व ढग दुसऱ्या काचेवर टिपून दोन्हींचें मिळून एकच चित्र छापलें. पाण्याला पुरेल इतका वेळ प्रकाश दिला कीं आकाश जळून कोरें होई. म्हणून बिचाऱ्याला आकाश वेगळें आणावें लागलें!

रंगीत काचेचा, म्हणजे ज्याला आज सर्वजण फिल्टर म्हणतात त्याचा, छायाचित्रणांतील पहिला मोठा प्रयोग मात्र आकाशासाठीं झालेला नाहीं. 17 मे 1861 रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यानें एका रंगीबेरंगी फितीचीं तीन चित्रें पडद्यावर एकावर एक पाडून रंगीत प्रतिमा दाखविली. तीं थॉमस सटन ह्या छायाचित्रकारानें लाल, हिरव्या व निळ्या द्रवांतून घेतलीं होतीं. निळ्या द्रवांतून 6 सेकंद पुरले. लालांतून 8 मिनिटें लागलीं. येथें चाणाक्ष वाचक विचारील कीं, ज्या काचेला लाल रंग कळतच नव्हता तिच्यावर लालाचें चित्र उमटलें कसें? शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न दीर्घकाळ छळीत होता. त्याचा उलगडा बरोबर शंभर वर्षांनीं, 1961 सालीं, कोडॅकच्या राल्फ इव्हान्स ह्यानें केला: फितीवरील लाल रंग नीलातीत प्रकाशही परावर्तित करीत होता, आणि तो लाल द्रव नीलातीत प्रकाशाला वाट देत होता. मॅक्सवेलचा सिद्धान्त खरा होता. त्या दिवशींचें प्रत्यंतर मात्र योगायोगाचें. शास्त्राच्या इतिहासांत दैवानें इतकी नेमकी कृपा क्वचितच केली असेल.

काचेचें हें आंधळेपण घालविण्याचा मार्ग 1873 सालीं बर्लिनच्या हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल ह्याला सांपडला. लेपांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलें तर तें द्रव्य जो प्रकाश शोषून घेतें त्याची जाणीव लेपाला होते, असें त्याला आढळलें. ह्यांतून हिरवा-पिवळा ओळखणारी कांच निघाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं लाल ओळखणारी सर्ववर्णी कांचही. परंतु एवढ्यानें काम भागलें नाहीं. नवी कांच लाल पाहूं लागली तरी निळ्याचा जुना हव्यास तिनें सोडला नव्हता. तो आवरण्यासाठींच भिंगापुढें पिवळी कांच आली. फिल्टर रंग देत नाहीं, तो प्रकाश अडवितो; आपल्या रंगाच्या वस्तू तो तुलनेनें उजळ करतो व विरोधी रंगाच्या काळवंडवितो. पिवळी कांच निळें अडविते, म्हणून आकाश गडद होऊन पांढरा मेघ त्यावर उठून दिसतो. मोबदला वेळाचा द्यावा लागतो: साध्या पिवळीला सुमारें दुप्पट, गडद लालीला आठपट किंवा अधिक.

निवड करतांना रंगापेक्षां ऋतु आधीं पाहावा असें आम्हांस वाटतें. आषाढांत सह्याद्रीवर करड्या ढगांचें छत पसरलेलें असतां कोणतीही कांच आकाशांत नाट्य आणूं शकत नाहीं, कारण अडवावयाला तेथें निळें उरलेलेंच नसतें. आश्विनांत तीच पिवळी कांच चमत्कार करिते. झाडी उजळ हवी तर हिरवी घ्यावी. दूरच्या डोंगरावरील विरळ धूसरता निळसर असते, ती लालीनें पुष्कळ कमी होते. पण सांवल्यांनाही निळ्या आकाशाचाच उजेड असल्यामुळें त्या काळ्याकुट्ट पडतात. व्यक्तिचित्राला लाल कांच लावूं नये. ओंठ फिके पडतात आणि कुंकू, जें पूर्वीं काळें होत असे, तें जवळजवळ नाहींसेंच होतें.

हें सारें अंदाजाचें होतें, त्याला मापांत बसविण्याचें बरेंचसें श्रेय केनेथ मीज ह्याला आहे. 1906 सालीं हा तरुण रसायनज्ञ इंग्लंडमध्यें क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट ह्या कारखान्यांत शिरला. तेथें सर्ववर्णी कांचा आणि मोजून रंगविलेले फिल्टर तयार झाले. 1912 सालीं जॉर्ज ईस्टमन ह्यानें मीजला रॉचेस्टरला नेण्यासाठीं तो कारखानाच विकत घेतला. रॅटनचें नांव फिल्टरांना चिकटून राहिलें.

त्याच नांवाचा एक गडद लाल फिल्टर 10 एप्रिल 1927 रोजीं कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या एका कड्यावर पंचवीस वर्षांच्या अँसल अॅडम्सजवळ होता. समोर हाफ डोम हा प्रचंड खडक. हातीं दोनच कांचा शिल्लक. एक त्यानें पिवळ्या फिल्टरांतून घेतली आणि लगेच जाणलें कीं, मनांत ठसलेलें दृश्य ह्यांत उतरणार नाहीं. शेवटची कांच लालांतून, 5 सेकंद. आकाश जवळजवळ काळें झालें आणि खडक त्यांतून उभा राहिला.

तें आकाश कोणी तसें पाहिलें नव्हतें. मग हें चित्र खोटें म्हणावें काय? पिवळी कांच यंत्राची चूक दुरुस्त करिते, लाल कांच नवी चूक हेतुपुरस्सर करिते, हा भेद खरा आहे. परंतु ज्यांत कांहींच कांच लावलेली नाहीं तें चित्र खरें, हें म्हणणें आम्हांस मुळींच पटत नाहीं. कोरें आकाशही कोणी पाहिलें नव्हतें. अॅडम्सनें निदान आपण काय केलें तें उघड सांगितलें. बातमीच्या चित्रांत असें न सांगतां केलें तर मात्र आम्ही त्याला लबाडीच म्हणूं.

आज फिल्टर न वापरणारा कोणीच उरलेला नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. 1976 सालीं कोडॅकच्या ब्राइस बेयर ह्याला एका रचनेचें पेटंट मिळालें: प्रकाश मोजणाऱ्या प्रत्येक सूक्ष्म बिंदूवर एक चिमुकला फिल्टर, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. मॅक्सवेलच्या तीन कांचा खिशांतील बहुतेक दूरध्वनींत आज अशा रीतीनें बसल्या आहेत. प्रत्येक बिंदूपाशीं एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून गणितानें ठरविले जातात.