खेडची लढाई (१७०७)

खेडची लढाई १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमा नदीकाठी खेड (आजचे राजगुरुनगर, जि. पुणे) येथे छत्रपती शाहू व महाराणी ताराबाई यांच्या सैन्यांत झाली. हे ठिकाण जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या दक्षिणेस आहे. मराठी राज्यात दोन गाद्या निर्माण करणाऱ्या यादवीतील ही पहिली निर्णायक लढाई होय.

१६८९ पासून मोगलांच्या कैदेत असलेल्या शाहूंची औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटका झाली. राजारामांच्या निधनानंतर (१७००) ताराबाई आपला अल्पवयीन पुत्र दुसरा शिवाजी याच्या नावे कारभार पाहत व मोगलांशी लढा चालवत होत्या. शाहू तोतया असल्याचे जाहीर करून त्यांनी परशुरामपंत प्रतिनिधी व सेनापती धनाजी जाधव यांना त्यांच्यावर पाठवले. मात्र शाहूंच्या खरेपणाविषयी खात्री पटलेले धनाजी त्यांच्या पक्षाला मिळाले आणि प्रतिनिधींना माघार घ्यावी लागली.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यावरून वेगळी गादी चालवली. १७१४ मध्ये तेथे राजसबाईंचा पुत्र दुसरा संभाजी सत्तेवर आला. अखेर १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये परस्परांना मान्य झाली आणि वारणा नदी त्यांची सीमा ठरली. खेडच्या विजयाने शाहूंना साताऱ्याचा मार्ग मोकळा झाला; राज्य मात्र पुन्हा एक झाले नाही.