शहराचा हिशोब कोण विचारतो? मुंबई, १८६१ ते १९२८

शहरांच्या इतिहासावरच्या या मालेत आज आपण आपल्या जवळच्या शहराकडे, मुंबईकडे वळतो आहोत. संकट, भ्रष्टाचार आणि नवी कल्पना या तीन गोष्टी शहर घडवतात, असं सर्रास म्हटलं जातं. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे त्यातल्या ‘घडवतात’ या क्रियापदापाशी जरा अडतो. साथ आली म्हणून रस्ता आपोआप रुंद होत नाही. कुणीतरी तो रुंद करायचं ठरवतं, कुणाचं तरी घर त्यात जातं आणि कुणाच्या तरी खिशातून पैसा येतो. म्हणून आज एकच प्रश्न हाताशी धरून चालू या: संकटानंतर मुंबईत निर्णय कुणी घेतला आणि त्याला हिशोब कुणी विचारला?

सुरुवात पैशाच्या संकटापासून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. पैसा इतका आला, की तो गुंतवायचा कुठे हा प्रश्न पडला. मग बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे म्हणजे प्रेमचंद रायचंद. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला, आणि त्याला त्यांच्या आईचं नाव आहे. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि सगळा डोलारा खाली आला. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. शिरगणतीत त्याची खूण दिसते: १८६४ मध्ये शहराची वस्ती ८ लाख १६ हजार होती, १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजारांवर आली.

याच पडझडीच्या वर्षी, १८६५ ला, नव्या कायद्याने शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला गेला. हा माणूस आर्थर क्रॉफर्ड. त्यांचं मार्केट आपल्याला ठाऊक आहे, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. क्रॉफर्ड धडाडीचे होते. गटारं, रस्ते, सफाई, बाजार, सगळं त्यांनी एकाच वेळी हाती घेतलं. आरोग्य अधिकारी ह्युलेट यांच्या साथीने शहर खरोखर स्वच्छ होऊ लागलं. पण अंदाजपत्रक हा शब्द क्रॉफर्ड यांच्या फारसा गावीच नव्हता. लक्ष ठेवायला जस्टिस ऑफ द पीस मंडळी नेमलेली होती, पण त्यांचा अंकुश चालेना. कर्ज वाढलं, घरपट्टी वाढली, आणि १८७१ मध्ये करदाते खवळले.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. करदात्यांचं म्हणणं होतं, कमिशनरचे अधिकारच काढून घ्या. त्या वेळी २६ वर्षांचे असलेले फिरोजशहा मेहता उलट बाजूने उभे राहिले. काम करायला एकच जबाबदार अधिकारी हवा, हे त्यांना मान्य होतं. दोष एकहाती कारभारात नाही, त्या कारभारावर नजर ठेवणारं मंडळ सरकारने नेमलेलं आहे यात आहे, असं त्यांनी मांडलं. ते मंडळ करदात्यांनी निवडलेलं असावं, ही त्यांची मागणी. सभेत ती कुणाला फारशी रुचली नाही. तरी १८७२ च्या कायद्यात ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे असं ठरलं. आमच्या मते मुंबईने त्या शतकात लावलेला सर्वांत मोठा शोध हाच. मात्र मत होतं ते ठरावीक रकमेचा कर भरणाऱ्यालाच. खोलीत दहाजण राहणारा गिरणी कामगार या हिशोबात कुठेच नव्हता.

क्रॉफर्ड यांची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे ते पुण्याला आयुक्त झाले आणि १८८८ मध्ये मामलेदारांच्या नेमणुका-बदल्यांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपात सापडले. चौकशी आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही, पण स्वतःच्या हद्दीतल्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल त्यांना नोकरीतून काढलं. ज्या मामलेदारांनी अभयवचनावर विसंबून साक्षी दिल्या, त्यांच्यापैकी काहींवरच नंतर कुऱ्हाड कोसळली. टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. वरच्या माणसाचा हिशोब मागताना खालचे कसे भरडले जातात, हे त्यात दिसतं.

आता १८९६. सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर गावाकडे पळालं. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. त्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला, तो मात्र जुन्याच समजुतीवर: रोग दाटीतून, कोंदट हवेतून येतो, तेव्हा वस्त्या फोडा आणि वारा आत येऊ द्या.

ट्रस्टवर महापालिकेने निवडून दिलेले विश्वस्त अल्पसंख्य होते. म्हणजे १८७२ ला दारातून आत आलेला हिशोब घाईच्या नावाखाली पुन्हा उंबऱ्यापाशी थांबवला गेला. नागपाड्यापासून पाडकाम सुरू झालं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड झाले. पुढे दादर-माटुंग्याच्या देखण्या वसाहतीही झाल्या, हे ट्रस्टचं श्रेय आहेच. पण पहिली वीसेक वर्षं ट्रस्टने बांधल्या त्यापेक्षा जास्त खोल्या पाडल्या. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. ज्या दाटीवर इलाज करायचा होता, तीच पुढच्या गल्लीत सरकली.

तिसरी वेळ १९२० ची. युद्धानंतर घरांची चणचण भासू लागली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, त्याच्याच बीडीडी चाळी. त्याच खात्याने बॅक बे पुन्हा बुजवायला घेतलं, या वेळी ११४५ एकर. खर्च फुगत गेला, ड्रेजरने अपेक्षेइतकं काम केलं नाही, भराव भिंतीतून निसटत राहिला. लोक त्याला लॉइडचा वेडेपणा म्हणू लागले. कायदेमंडळात खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण लावून धरलं. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि त्यातून नरिमन निर्दोष सुटले. योजनेच्या निम्मीसुद्धा जमीन निघाली नाही. जी निघाली, तिच्यावर आज आपण मरीन ड्राइव्हला फिरायला जातो.

या तीन प्रसंगांतून काय हाती लागतं? संकट तिजोरी उघडतं आणि घाई निर्माण करतं. घाईत पहिली सुट्टी मिळते ती प्रश्न विचारणाऱ्याला. मग पैसा कुठे मुरला हे कळायला दहा-दहा वर्षं जातात. नव्या कल्पनांची मुंबईत कधीच वानवा नव्हती. पर्जन्यजल निचऱ्याचा मोठा आराखडा १९९३ सालीच तयार होता. तरी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत त्याला वेग आला नाही. आणि मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ या महापालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात काम झालं की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण १८७१ चा प्रश्न कामाचा नव्हताच. काम होत असतानाच तर तो विचारला गेला होता.

पुढच्या वेळी आपण पाण्याकडे वळू, विहार तलावापासून. आता तुमचे प्रश्न घेऊ.