नाण्यांची झीज आणि गणिताचे प्राध्यापक

अवसरी बुद्रुकहून मंचर-नारायणगावच्या वाटेने जुन्नर गाठले म्हणजे मानमोडीच्या डोंगरातली लेणी दिसू लागतात. ही लेणी पायी हिंडून पाहणाऱ्यांत एक गणिताचे प्राध्यापक होते, हे आपणांस ठाऊक आहे काय? दामोदर धर्मानंद कोसंबी त्यांचे नाव. जन्म १९०७ चा, गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचे, १९३३ पासून बारा वर्षे फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन.

आता मंचरच्या बाजारातला बटाट्याचा भाव घ्या. वर्षभराचा भाव कागदावर मांडला, तर एक वाकडीतिकडी रेघ उमटते. दरसालची रेघ निराळी. अशा लहरी रेघांचे गणित करायचे कसे? १९४३ साली कोसंबींनी मार्ग दाखवला. प्रत्येक रेघ म्हणजे काही ठराविक मूळ रेघांची बेरीज. लहर उरते ती कोणती रेघ किती घ्यायची, एवढ्यापुरतीच. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी हेच स्वतंत्रपणे मांडले, नि जगाने नावे दिली ती त्यांचीच! कोसंबींचे नाव जोडणारे फार थोडे, तेही उशिरा.

पण खरी गंमत नाण्यांची. टाकसाळीतून निघालेली नाणी वजनाला जवळजवळ सारखी असतात. मग ती हातोहात फिरतात, घासतात. कुठले जास्त झिजेल हे सांगता येत नाही; मात्र काळ लोटेल तसे सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. कोसंबींनी चालू चलनातली नाणी तराजूत घालून हे पडताळले, आणि मग तक्षशिलेची प्राचीन चांदीची नाणी हाती घेतली. पाठीवर ठसे जास्त, तर वजन कमी! म्हणजे जुने कोणते, नवे कोणते, हे राजाचे नाव नसतानाही कळू लागले. इतिहासाला असा साक्षीदार क्वचितच मिळतो.

१९४५ नंतर ते मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत गेले. घर मात्र पुण्यातच. १९५९ मध्ये संभाव्यतेच्या वाटेने रीमानच्या सुप्रसिद्ध कूटाची सिद्धता दिल्याचा दावा त्यांनी केला, तोही शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. दावा टिकला नाही. घाई झाली खरी, असे म्हणावे लागते. १९६२ मध्ये संस्थेतला करार पुढे वाढला नाही. त्याच वर्षी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे त्यांचे पुस्तक आले. त्यात जुन्या व्यापारी वाटा आहेत, गावदेवी आहेत, आणि आपले जुन्नरही आहे. २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते वारले.