शत्रूची कन्या

इजिप्तचा खेदिव इस्माईल याला आपल्या देशाचे प्राचीन वैभव रंगभूमीवर पाहावयाचे होते. त्याकरिता इटलीचा थोर संगीतकार व्हेर्दी याला त्याने दीड लाख फ्रँक दिले. पडदे आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार झाले. पण १८७० साली प्रशियाने त्या शहराला वेढा घातला आणि सारे सामान तेथेच अडकले! अखेर २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत ‘आयदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला.

वैभव होतेच, पण नायिका होती शत्रूची कन्या. आयदा ही इथिओपियाची राजकन्या, इजिप्तमध्ये दासी झालेली. तिचे प्रेम जडले इजिप्तचा सेनापती रादामेस याच्यावर. त्याचा जय चिंतावा तर पित्याचा घात. पित्याचा चिंतावा तर प्रियकराचा. पित्याच्या शापाला भिऊन ती प्रियकराकडून सैन्याच्या वाटेचे गुपित काढून घेते. देशद्रोहाबद्दल त्याला जिवंत गाडतात. त्या भुयारात ती आधीच येऊन बसलेली असते.

पुढे १८७५-७६ मध्ये इस्माईलच्या फौजा खरोखरच इथिओपियावर चालून गेल्या आणि दोनदा हरल्या. विजयाची मिरवणूक रंगमंचावरच राहिली; रसिकांच्या मनात राहिली ती मात्र पराभूतांची लेक.