मुंगसाच्या केसांचा कुंचला

माझा भाचा सोलापुरात घरी बसून संगणकावर चित्रं काढतो. परवा तो नान्नजच्या माळावरचा लांडगा रंगवत होता. नान्नजचं अभयारण्य माळढोकाच्या नावाचं. माळढोक तिथं आता दिसेनासाच झाला आहे, पण लांडगा अजून आहे. भाच्याच्या हातात कागद नव्हता, रंग नव्हते. काळ्या पाटीसारखं एक यंत्र आणि प्लास्टिकची पेन्सिल, एवढंच.

‘‘मामू, केस एकेक काढत बसायचे नसतात,’’ तो म्हणाला. आधी त्यानं मळकट तपकिरी थर दिला. मग केस कुठल्या अंगाला वळतात त्याच्या खुणा केल्या. नाकापासून मागे, खांद्यावरून खाली, मानेवर दाट आणि जरा उभे. त्यावर झुपके, आणि अगदी शेवटी उजेडाच्या बाजूला मोजकेच लख्ख केस. पेन्सिल दाबली की रेघ जाड, उचलली की टोकाला निमुळती. बघता बघता लांडग्याला अंग आलं.

मी मात्र त्या निमुळत्या रेघेपाशीच अडकलो. ती फार जुनी आहे.

जहांगीर बादशहाच्या चित्रशाळेत ही रेघ खारीच्या शेपटीच्या केसांनी निघायची. केस पिसाच्या पोकळ दांडीत बसवायचे आणि टोकाला जवळजवळ एकच केस उरेल असा कुंचला बांधायचा. अशा बारीक रेघांनी, ठिपक्यांनी अंग भरण्याच्या कामाला ‘परदाज’ म्हणतात. त्या चित्रशाळेतला उस्ताद मन्सूर पशुपक्ष्यांचा चितारी. बादशहानं त्याला ‘नादिर-उल-असर’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला होता. १६२१ साली दरबारात हबशांच्या मुलखातून एक झेब्रा आला. त्याचे पट्टे पाहून लोकांना संशय आला, की कुणी तरी जनावर रंगवून आणलं आहे! तपासून पाहिलं तेव्हा रंग अस्सल निघाला. जहांगीरनं हे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मन्सूरचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनसाहेबांनी जन्मभर घोडे रंगवले, पण केस मोजायच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांचा घोडा रेषेवरच उधळतो. तो निराळा रस्ता.

त्याच दरबारातल्या अबुल हसनचं म्हणून एक चित्र प्रसिद्ध आहे. चिनाराच्या झाडावर खारीच खारी. छापील प्रत पाहताना माझ्या मनात येतं, की या खारी कशानं रंगवल्या असतील? खारीच्याच केसांनी ना?

आमच्या पिढीच्या हातात मुंगसाचे केस होते. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलं, ‘‘ब्रश मुंगसाच्या केसांचाच आणा, टोक मोडत नाही.’’ ईदीचे पैसे घालून मी तो आणला. शेताच्या बांधावर मुंगूस दिसलं, की तोंड दाखव म्हणून त्याच्यामागे धावणारे आम्हीच. पण ब्रशातले केस त्यानं दिले कसे, हा प्रश्न कधी पडला नाही. मेंढीची लोकर कातरतात तसं काही असेल, असंच वाटायचं. मुंगूस कातरत नाहीत, मारतात. एक किलो केसांना सुमारे पन्नास मुंगसं लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मुंगसाला त्याचं संरक्षण आहे. तरीही २०१९ च्या ऑक्टोबरात देशभर छापे पडले, तेव्हा पन्नास हजारांहून जास्त कुंचले आणि शंभर किलोंहून जास्त केस सापडले. हिशेब ज्यानं त्यानं करावा. मी केला आणि मला माझी ती परीक्षा आठवली. ग्रेड चांगली मिळाली होती.

संगणकाच्या रेघेला कुणाच्या अंगावरचा केस लागत नाही.  मात्र तिथंही सगळं आलबेल नाही. सिनेमात केस हातानं काढत नाहीत, संगणकाकडून उगववून घेतात. २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मधल्या निळ्या राक्षसाच्या अंगावर तेवीस लाख केस होते. २०१२ च्या ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघाच्या अंगावर कोटभर. तो वाघ घडवणाऱ्या कंपनीच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. २०१३ च्या फेब्रुवारीत त्या वाघाला ऑस्कर मिळालं आणि त्याच महिन्यात कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. वाघाचे केस विंचरणारे कितीतरी हात रिकामे झाले. भाच्याला मी हे सांगितलं, तर म्हणाला, ‘‘माहीत आहे, मामू.’’ आणि पुन्हा पाटीवर वाकला.

रात्री मी जुनी पेटी उघडली. ब्रश होता. दांडीचा रंग उडालेला, केस मात्र शाबूत. भाच्यानं तो शाईत बुडवून कागदावर चार-पाच रेघा ओढल्या, त्यांचा फोटो संगणकात घेतला आणि त्यातून आपल्यासाठी एक कुंचला तयार केला. लांडग्याच्या कानाच्या कडेचे केस त्यानं मग त्याच रेघेनं काढले. काम झाल्यावर ब्रश धुतला, टोक ओठांनी जुळवलं आणि माझ्या हातात परत दिला.