मधुमेहात रक्ताची गुठळी का होते? वारसा किती, राहणीमान किती?

वढू बुद्रुक (ता. शिरूर) : "आमच्या घराण्यातच शुगर आहे, आता काय करणार?" असं गावोगाव ऐकू येतं. मधुमेह असलेल्यांना हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका जास्त असतो. त्यामागे बहुतेक वेळा रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी असते. तिच्यात वारशाचा वाटा आहे, पण सगळा दोष वारशाचा नाही.

गुठळी कशी होते?
जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटतात. फायब्रिनोजेन या प्रथिनापासून धागे तयार होऊन जाळं बनतं आणि रक्त थांबतं. नंतर शरीर हे जाळं विरघळवतं. शुगर सतत वाढलेली असेल तर प्लेटलेट जास्त चिकट होतात, जाळं घट्ट बनतं. पोटाचा घेर वाढला की पीएआय-१ नावाचं प्रथिन वाढतं आणि गुठळी लवकर विरघळत नाही.

वारसा आणि सवयी
ही प्रथिनं शरीरात किती तयार होणार, हे काही प्रमाणात आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. ते बदलता येत नाही. मात्र बिडी-सिगारेट, वाढलेलं वजन आणि बैठं काम यांनीही गुठळीचा धोका वाढतो. ते आपल्या हातात आहे.

पुणे परिसरात काय आढळलं?
वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. याच केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुष तपासले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी, तर ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन जास्त होतं. होमोसिस्टीन वाढलेल्यांत रक्तवाहिन्यांचे आजार आणि गुठळ्या जास्त दिसतात. ते वाढण्यात जनुकांचा भाग असतो, तसाच आहाराचाही. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं. मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षं सुरू असलेल्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारून तपासणी करावी. मात्र नुसत्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हार्ट अटॅक टळतो, असं सिद्ध झालेलं नाही.

काय करावं?
• शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल वेळोवेळी तपासावं.
• बिडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद करावी.
• रोज अर्धा तास भरभर चालावं.
• रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये.

छातीत दुखणं, अचानक दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं दिसलं तर लगेच १०८ला फोन करावा. मधुमेहात छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे घरगुती उपायांत वेळ घालवू नये.