हॉपरमधील इन्सर्टचा इतिहास

धान्य, कोळसा, सिमेंट, खनिजाची भुकटी असा सुटा माल साठवणाऱ्या टाकीचा तळाकडचा निमुळता भाग म्हणजे हॉपर. माल सुरळीत उतरावा म्हणून त्याच्या आत बसवलेला उलटा शंकू, नळी किंवा लहान हॉपर म्हणजे इन्सर्ट. टाकी न पाडता तिचा दोष दूर करण्याचा हा मार्ग आहे.

मोठ्या टाक्या आल्या त्या धान्याच्या व्यापारामुळे. अमेरिकेतील बफलो बंदरात जोसेफ डार्टने 1842-43 मध्ये वाफेवर चालणारे धान्याचे एलिव्हेटर उभारले आणि तेव्हापासून उंच कोठारांची संख्या वाढत गेली. त्यांच्या रचनेमागे सुरुवातीला शास्त्र फारसे नव्हते. भोकातून वाळू पडण्याचा वेग वरच्या थराच्या उंचीवर अवलंबून नसतो, हे जर्मन अभियंता गॉटहिल्फ हागेनने 1852 मध्ये नोंदवले. पुढे 1895 मध्ये ब्रेमेनच्या यान्सेनने लाकडी चौकोनी कोठ्यांत धान्य भरून त्यांचा तळ काट्यावर तोलला. ठराविक उंचीनंतर कितीही धान्य ओतले तरी तळावरचा भार जवळपास वाढत नव्हता, कारण उरलेले वजन घर्षणामुळे भिंती पेलत होत्या.

यान्सेनच्या सूत्राने भिंतींची जाडी ठरवता आली, पण माल बाहेर येईल की नाही हे त्यातून कळत नव्हते. कोरडा गहू सहसा अडत नाही. ओलसर कोळसा आणि बारीक भुकटी मात्र तोंडावर कमान धरून बसते, नाहीतर मधोमध उभी पोकळी पडून फक्त तेवढाच माल निघतो आणि कडेचा महिनोन्महिने तसाच राहतो. कामगार बाहेरून घण घालून तो सोडवत. घणाच्या ठोक्यांनी पत्र्याला पोचे पडत, आतल्या बाजूला फुगवटे येत आणि त्यांवर माल आणखीच अडे. आत उलटा शंकू टांगण्याचा तोडगाही होता, पण तो कुठे आणि केवढा बसवायचा हे अंदाजानेच ठरे.

या अंदाजाची जागा हिशेबाने घेतली ती युटा विद्यापीठात. वॉर्सात 1914 मध्ये जन्मलेल्या अँड्र्यू जेनिकेने मालाचे घर्षण आणि दाबाखाली येणारा चिकटपणा मोजणारे उपकरण तयार केले. 1961 आणि 1964 च्या आपल्या पुस्तिकांत त्याने प्रवाहाचे दोन प्रकार मांडले: सगळा माल एकदम सरकणारा आणि फक्त मधला भाग सरकणारा. पहिल्या प्रकारासाठी भिंत पुरेशी उभी आणि गुळगुळीत असावी लागते. तोंड किती रुंद हवे, हेही मोजमापांवरून काढता येऊ लागले.

त्याचा सहकारी जेरी जोहान्सन याने 1966 मध्ये हीच पद्धत इन्सर्टला लावली. शंकूची जागा आणि आकार मालाच्या गुणधर्मांवरून ठरवता येतात, हे त्याने दाखवले. जागा चुकली तर शंकू असूनही कडेचा माल हलत नाही, आणि शंकू व भिंत यांमधली फट अरुंद झाली तर नवी कमान तिथेच धरते.

फ्रान्समध्ये रेंबेर बंधूंनी दुसऱ्याच कारणासाठी इन्सर्ट वापरला. धान्य उपसताना भिंतींवर दाब वाढतो, म्हणून त्यांनी तोंडावर भोकांची उभी नळी बसवली. धान्य वरच्या थरातून नळीत शिरते आणि बाजूचे स्थिर राहते.

जोहान्सननेच 1980 च्या सुमारास हॉपरच्या आत तळ नसलेला दुसरा हॉपर बसवण्याची रचना पुढे आणली. आतली भिंत उभ्या रेषेशी 15 अंशांत ठेवली, तर बाहेरची 30 अंशांपर्यंत पसरट असूनही दोन्हींमधला माल सरकतो. उंची मर्यादित असलेल्या कारखान्यांत याचा उपयोग होतो. दोन्ही वाटांचा वेग जुळवला तर आकारानुसार वेगळे होणारे कण एकत्र उतरतात, आणि मुद्दाम वेगळा ठेवला तर माल मिसळला जातो.

त्यामुळे निवडीचा क्रमही पक्का झाला. आधी मालाची चाचणी करायची आणि अडचण कमानीची आहे, पोकळीची, कण वेगळे होण्याची की दाबाची, हे ओळखायचे. इन्सर्टचा प्रकार आणि जागा त्यानंतर ठरते. शेवटी आधाराचा हिशेब येतो. वरच्या मालाचा मोठा भार इन्सर्टवर येतो, त्यामुळे आडवे दांडे भक्कम लागतात, पण त्यांची वरची कड निमुळती ठेवावी लागते. रुंद दांड्यांवर माल पुन्हा अडकतो.